मुंबई-गोवा क्रूझ: पहिल्यांदा जाताना काय धरून चालावं

गुहागरला आमचं औषधांचं दुकान आहे. आम्ही क्रूझला जाऊन आल्याचं कळल्यापासून काउंटरवर ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेता घेता लोक विचारतात, "कसं काय होतं? आईबाबांना पाठवू का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आम्ही चौघं गेलो होतो: मी, आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. फेरी दोन रात्रींची, मुंबई ते गोवा आणि परत.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही बोट कोकणच्या दारावरून जाते, पण कोकण दाखवत नाही. मुंबई ते मार्मागोवा हे समुद्रातलं अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर चालून सकाळी गोव्याला लागते. येताना रात्री निघते आणि दुपारच्या आत मुंबईत पोचते. म्हणजे हरिहरेश्वरपासून मालवणपर्यंतचा सगळा किनारा दोन्ही वेळा काळोखात मागे पडतो. त्यात बोट किनाऱ्यापासून बरीच लांबून जाते. पंचवीस मीटर उंच डेकवर उभं राहिलं तरी क्षितिज साधारण अठरा किलोमीटरवर असतं. त्यापलीकडची वाळू, माड, कौलं दिसतच नाहीत. डोंगरांची निळी रेघ तेवढी दिसते आणि रात्री दिवे. गुहागर जाताना दिसेल म्हणून मी रात्री अकराच्या सुमाराला डाव्या बाजूच्या डेकवर जाऊन उभी राहिले. लांबवर उजेडाचा एक फिकट पट्टा दिसला. तो अंजनवेलच्या वीज प्रकल्पाचा, जयगडच्या बंदराचा की आणखी कशाचा, हे सांगायला बोटीवर कुणी नव्हतं. दोन-तीन कर्मचाऱ्यांना विचारलं. सगळे अदबीने वागले, पण त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

माझी या सहलीबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे, म्हणून आधी लिहिली. बाकी बरंच चांगलं आहे आणि तेही सांगते.

आता जागा कुठली घ्यायची ते. सगळ्यांत स्वस्त केबिन आतल्या बाजूची. तिला खिडकी नसते; दिवा मालवला की दुपारी दोनलाही मिट्ट काळोख. झोपायला उत्तम, पण वयस्कर माणूस पहाटे उठून गोंधळतो. आम्ही खिडकीवाली घेतली. ती खिडकी उघडत नाही, बंद काचेतून फक्त बघायचं. तरी जे जास्तीचे पैसे दिले ते वसूल झाले, कारण सासूबाईंचा निम्मा वेळ त्या काचेशी गेला. बुकिंग करताना बाजू विचारून घ्या. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला असतो, येताना उलट. आणि मजला खालचा, जागा बोटीच्या मध्यावरची मागा. बोट हलते ती टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त; मधोमध आणि खाली सगळ्यांत कमी. एजंट "वरचा मजला देतो, छान व्ह्यू आहे" म्हणतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी त्या व्ह्यूला भुलू नये.

जाहिरातीत दिसतो तो आकडा म्हणजे नुसतं भाडं. त्यावर पोर्ट चार्जेस, सेवाशुल्क, जीएसटी असं चढत जाऊन आमची रक्कम जवळपास दीडपट झाली. शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच घरात चर्चा करा. बोटीवर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड मिळतं, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. चहा, पाणी, बुफेचं जेवण, संध्याकाळचे कार्यक्रम आमच्या तिकिटात धरलेले होते. थंड पेयं, दारू, वेगळी रेस्टॉरंट्स, स्पा, वायफाय या सगळ्याचे पैसे वेगळे. मुलांच्या हातात कार्ड देताना काय फुकट आणि काय विकत हे त्यांना समजावून द्या, कारण कार्ड टेकवलं की खर्च नोंदला जातो आणि बिल उतरायच्या वेळी समोर येतं.

मोबाइलचं एक महत्त्वाचं. किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन बोटीवरचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षाही भयंकर असतात. बोट सुटली की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रात्रभर फोन लागणार नाही, काळजी करू नका.

गुहागर-चिपळूणकडून जाणाऱ्यांसाठी: आदल्या रात्री चिपळूणला कोकणकन्या धरली की पहाटे सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीने जवळ आहे. पण बोटीत घेतात दुपारी, त्यामुळे मधले पाच-सहा तास कुठे काढायचे ते ठरवून निघा. आम्ही गिरगावात मामेसासऱ्यांकडे आंघोळी-जेवणं उरकून गेलो. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागला नाही, पण आधार किंवा तत्सम फोटो असलेलं ओळखपत्र मूळ हवं. मोठ्या बॅगा टर्मिनलवर चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि त्या नंतर खोलीच्या दाराशी येतात. आमची एक बॅग रात्री साडेनऊला आली. औषधांच्या धंद्यातली म्हणून कळकळीने सांगते: रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आमचे पोह्याचे लाडू तपासणीच्या टेबलावरच राहिले. इस्त्री आणि पाणी उकळायची किटलीही काढून ठेवतात, आगीच्या भीतीने. ते बरोबरच आहे.

बोट सुटायच्या आधी एक कवायत असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. आमच्या शेजारचे लोक कुरकुरत होते, सरबताचे ग्लास घेऊन उभे होते. मला राग आला. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आजही ती तारीख आठवणीने सांगतात. तिकडे इटलीजवळ २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती; त्यानंतर नियम कडक झाला आणि बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेणं बंधनकारक झालं. वीस मिनिटांचं काम आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जिन्याने ती जागा एकदा चालून बघा, कारण संकटाच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

बोट लागण्याबद्दल दुकानात सगळ्यांत जास्त विचारणा होते. डिसेंबर ते फेब्रुवारी आपला समुद्र बराच शांत असतो, आणि एवढ्या मोठ्या बोटीला बाजूने पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे हेलकावा हळू आणि लांब असतो. तरी काहींना मळमळतं. अॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात ठरतच नाही. तिने झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, वय जास्त असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बरेच जण ओंडानसेट्रॉन मागतात. ती उलटीवरची चांगली गोळी आहे, पण बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. गोळीइतकंच महत्त्वाचं म्हणजे मळमळायला लागलं की केबिनमध्ये जाऊन आडवं पडून मोबाइल बघू नका. उघड्यावर या, क्षितिजाकडे नजर लावा. लेकीला पहिल्या रात्री त्रास झाला, अर्धा तास वाऱ्यावर बसवल्यावर ती बरी झाली. बोटीवर डॉक्टर असतात, पण तपासणीचे पैसे लागतात.

खाण्याबद्दल आता. बुफे प्रचंड आहे. पंजाबी, गुजराती, दक्षिणेकडचं, चिनी, केक-पेस्ट्रींचं वेगळं टेबल, जैनांसाठी वेगळी सोय. चव ठीक, गरम ठेवण्याची काळजी चांगली. पण कोकणच्या समुद्रावरून जाणाऱ्या बोटीत आमच्या वेळी मासा होता तो मैद्यात घोळून तळलेला, पांढरा, बिनकाट्याचा आणि बिनचवीचा. सोलकढी नाही, तिरफळाचा वास नाही, आंबोळी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चार बायका स्वयंपाकघरात नेमल्या तर प्रवासी तुटून पडतील, असं मला मनापासून वाटतं. क्रूझ कंपनीला तसं लिहून कळवलंही आहे.

जाण्याच्या दिवशी नेमकी संकष्टी होती. सासूबाईंचा उपास मोडायचा नाही, आणि चंद्रोदय नवाच्या पुढे. मी बुफेच्या काउंटरमागच्या मुलाला विचारलं, उपासाचं काही मिळेल का. त्याने "व्रत?" एवढंच विचारलं आणि आत गेला. थोड्या वेळाने एक बुटके, जाडसर आचारी बाहेर आले. वय किती, साखर आहे का, शेंगदाणे चालतात का, हे सगळं सासूबाईंनाच हिंदीतून विचारून गेले. नंतर त्यांनी झाकलेली प्लेट डेकवर पाठवली: तुपात जिरं-मिरची घालून परतलेला बटाटा, सैंधव वेगळ्या वाटीत, दही, पपईच्या फोडी. सासूबाई डाव्या कठड्याजवळच्या बाकावर शाल पांघरून बसल्या होत्या. किनाऱ्याच्या बाजूला आधी नुसती तांबूस धग दिसली, मग डोंगरांच्या रेघेवर तांबडा चंद्र वर आला. त्यांनी तिथूनच हात जोडले, वाटीतलं पाणी पळीने सोडायची सोय नाही म्हणून बोटांनी चार थेंब सोडले आणि म्हणाल्या, "अगो, चंद्र आपल्याकडेच उगवलाय की." मग जेवल्या, आणि प्लेट न्यायला मुलगा आला तेव्हा त्याला आचाऱ्यांसाठी निरोप दिला की बटाटा करपलेला नव्हता, असाच हवा. या एका सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देते. उपास, पथ्य, मऊ जेवण काय हवं असेल ते बुकिंगच्या वेळी लिहून कळवा आणि बोटीवर गेल्या गेल्या पुन्हा सांगा.

सासूबाईंचं माहेर हर्णैचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जात. डेकवर चटई अंथरायची, शेजारी कोंबड्यांची पाटी, कुणाचं तरी ओकणं, आणि हर्णैला बोट लांब उभी राहिली की हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. खलाशी पोरांना अलगद झेलून घेत. ते आठवून त्या बोटीवर भेटेल त्याला सांगत होत्या. ऐकणारेही मिळाले, डोंबिवलीच्या एका आजोबांनी त्याच बोटींनी वेंगुर्ल्यापर्यंत प्रवास केला होता. त्या आगबोटी आता राहिल्या नाहीत. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया नावाची बोट सुरू झाली तेव्हा कोकणात केवढी आशा वाटली होती, तीही पुढे राहिली नाही.

म्हणूनच मला राहून राहून वाटतं की बोटीवर कुणीतरी बोलणारं हवं. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच वाटेवर आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळांचं पठार आहे, त्याला आंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. ज्या समुद्रावर कान्होजींच्या परवान्याशिवाय गलबत हलत नव्हतं त्यावरून दोन रात्री जायचं आणि माइकवरून ऐकायचं काय, तर बिंगोचे आकडे. किल्ले दिसत नसले तरी "आता डाव्या हाताला सुवर्णदुर्ग आहे" एवढं कुणी सांगितलं असतं तरी लोक कठड्याशी आले असते. एक नकाशा, एक जाणकार माणूस आणि संध्याकाळचा अर्धा तास, एवढंच मागणं आहे.

जे दिसतं ते मात्र चुकवू नका. निघताना उजवीकडे कुलाब्याच्या टोकापुढचा प्राँग्जचा दीपस्तंभ आणि थोड्या वेळाने डावीकडे खांदेरी-उंदेरी. सकाळी साडेसहाला उठून डाव्या बाजूला या: उजाडताना वेंगुर्ल्याचे खडक, मग तेरेखोल, शापोरा, आग्वाद ओळीने येतात. त्या वेळी मतलई वारा सुटलेला असतो, जमिनीकडून येणारा, गार आणि कोरडा. समुद्र तेलासारखा सपाट असतो. डेकवर दहा माणसं नसतात. परतीच्या सकाळी मुरूड-अलिबागची बाजू उजवीकडे. या दोन सकाळींसाठी मी पुन्हा जाईन.

रात्रीच्या डेकबद्दल मात्र नाराजी आहे. तलावाभोवती डीजे उशिरापर्यंत चालतो, इतका मोठ्याने की शेजारच्याशी बोलता येत नाही. पोरांना ते आवडतं, आवडू दे. पण वयस्कर माणसांना शांत बसायची जागा बोटीने आखून द्यायला हवी. आम्हाला ती शोधावी लागली: जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात त्या मजल्यावरचा लांब व्हरांडा. तिथे आवाज पोचत नाही. कॅसिनो असलेला मजला धुरकट वाटला, तिकडे आम्ही फिरकलो नाही. जेवणाच्या वेळी लिफ्टपुढे रांग लागते. गुडघेदुखीवाल्यांनी ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी निघावं. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगमध्येच लिहा, बोटीवर आयत्या वेळी मिळत नाही.

गोव्यात बोट लागते ती वास्कोजवळ, मार्मागोव्याला. हे माहीत नसलेले लोक कळंगुटचे बेत करून येतात आणि दिवस टॅक्सीत घालवतात. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट त्याहून पुढे. बोटीवर परतायची वेळ सुटण्याच्या बरीच आधीची असते आणि बोट कुणासाठी थांबत नाही. घड्याळ बघून मागे किमान दोन तास शिल्लक ठेवा. बोटीवाल्यांनी आखलेली गोव्यातली सहल महाग वाटली तर बाहेर टॅक्सी मिळते, पण भाडं आणि परतीची वेळ दोन्ही बसण्याआधी ठरवा. आम्ही सासूबाईंसाठी मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा केली, वाटेत साध्या खानावळीत किसमूर आणि सुंगटांचं हुमण घेतलं, आणि चारला परत आलो. ज्यांच्या लहान मुलांना हिंडायचा कंटाळा आहे त्यांनी जवळच बोगमाळोला जावं. वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं. आणि ज्यांनी गोवा आधी पाहिलाय त्यांनी बोटीवरच राहावं. दुपारी सगळे उतरलेले असतात, तलाव रिकामा, लिफ्ट रिकाम्या, चहा हवा तेव्हा.

खोली रोज दोनदा आवरतात, टॉवेल स्वच्छ, न्हाणीघर अगदी लहान पण पाण्याला जोर चांगला. पकडायला दांडी होती, सासूबाईंच्या दृष्टीने ती महत्त्वाची. संध्याकाळचे कार्यक्रम बघण्यासारखे. जादूचा प्रयोग त्यांना आवडला.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि औषधं त्यात जाऊ देऊ नका. बिल त्याच रात्री काउंटरवर मागून तपासा. आमच्या बिलात दुसऱ्या कुणाची दोन शीतपेयं आली होती, रात्री दाखवली तर लगेच वगळली. सकाळी तिथे शंभर माणसांची रांग होती.

कुणी जावं? गुडघ्यांमुळे घाट-डोंगर जमत नाहीत पण समुद्राची ओढ आहे अशा आईवडिलांना जरूर न्या, सोबत एक धडधाकट माणूस हवं. तीन रात्रींची फेरी परवडत असेल तर दोनपेक्षा ती घ्या, म्हणजे एक अख्खा दिवस पाण्यावर मिळतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडला असं आपण म्हणतो, तरी म्हाताऱ्या माणसांसाठी दिवाळी होऊन जाऊ द्या. आणि ज्यांना कोकण बघायचंय त्यांनी क्रूझचे पैसे वाचवून दाभोळची फेरीबोट, हर्णैचा मासळीचा लिलाव आणि मालवणहून सिंधुदुर्गाची होडी हे तीन दिवस करावेत. त्याची कसर ही बोट भरून काढत नाही.